कासवाचं सुतक

गडचिरोली

प्रिय अंकुश,

फोनच करणार होते. पण हल्ली तू माझ्याशी फोनवर बोलतोस ते बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. 'हो', 'बरं', 'सांगतो काकाले', झालं. त्यापेक्षा कागद बरा, तो मध्येच रेंज गेली म्हणून बंद पडत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. गावी चारचौघांत मी तुला दादा म्हणते, ते इथे म्हणणार नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत आपण भांडत होतो, लग्न मोहाची फुलं पडायच्या आधी करायचं की नंतर. ज्या माणसाशी मी ते भांडण भांडले, त्याला हे पत्र आहे. माझ्या बाबाच्या पुतण्याला नाही.

इकडचं सगळं ठीक. यंदा थंडी हाडात शिरतेय. माझ्या खोलीतली रुपाली बदली होऊन आरमोरीला गेली, त्यामुळे स्वयंपाक आता एकटीपुरता, म्हणजे बहुतेक वेळा चहा आणि टोस्ट. वॉर्डात खाटा कमी, माणसं जास्त, ते तुला नव्यानं सांगायला नको. परवा एटापल्लीकडची एक आजी आली. तापानं फणफणलेली, मराठी एक शब्द येईना. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाली, 'येर'. पाणी. मी तिला पाणी पाजलं आणि नंतर मागच्या व्हरांड्यात जाऊन उगीचच सलाईनच्या बाटल्या मोजत उभी राहिले. सिस्टर इन्चार्ज म्हणाली, डोळे का लाल? मी म्हटलं, फिनाईल.

तुला आठवत असेल का, मला माहीत नाही. तुझ्याबरोबर सफारीची जिप्सी चालवणाऱ्या झिंगूच्या आजीला तिच्या गावी अस्वलानं ओरबाडलं होतं आणि तू गाडी काढून तिला आमच्याकडे आणलं होतंस. तीही अशीच येर येर करत होती. मी तिच्याशी गोंडीत बोलायला लागले आणि दारात उभा असलेला तू असा बघत राहिलास, की मला वाटलं यालाही ताप आहे, याच्याही नावाचा तापाचा तक्ता भरावा. दुसऱ्या दिवशी तू परत आलास. तिसऱ्या दिवशी आजीला घरी सोडलं तरी आलास. मग म्हणालास, 'माहा बाबा पाण्याले येर म्हणे. तो गेला तेव्हापासून कोणाच्याच तोंडून आयकलं नाई.' मी तुझी थट्टा केली, मुलीशी ओळख काढायची ही कुठली नवी रीत म्हणून. पण तू थट्टा करत नव्हतास. तुझ्या बाबाच्या जवळच्या तेवढ्याच दोन-चार गोष्टी तुझ्याकडे होत्या. तू लहान असतानाच तो छातीच्या दुखण्यानं गेला. तुझी आई कुंताबाई ढिवराची मुलगी, बल्लारपूरच्या बाजारात मासे विकून तिनं तुला वाढवलं. नवरा नदीपलीकडच्या जंगलातला, गोंड, भावाशी भांडून घर सोडलेला, इतकंच तिला ठाऊक. त्यानं ना तिला कधी गाव दाखवलं, ना गावाचं नाव सांगितलं. ढिवरांनी तुला गोंडाचा म्हटलं आणि गोंड तुला कुठे भेटलेच नाहीत. तुला मी आवडले त्यात माझ्या नाकीडोळी नीटस असण्याचा भाग किती आणि त्या पाण्याचा भाग किती, हे मी तुला चिडवून विचारायची. आता विचारत नाही.

मी काही डोळे मिटून प्रेमात पडले नव्हते हं. आम्हा गोंडांत माणसाला पहिल्यांदा नाव विचारत नाहीत, देव किती ते विचारतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. आडनावावरून देव कळतात आणि देवावरून सोयरीक. आम्ही सात देवांचे. म्हणजे सात देवांची जगातली सगळी पोरं माझे भाऊ, मग ती कुठल्याही डोंगरापलीकडची असोत. मी तुझं आडनाव ऐकलं, मनात हिशेब केला, सहा देव निघाले, आणि त्यानंतरच तुझ्याबरोबर टपरीवर चहा प्यायले. इतकी मी शहाणी. तू हसला होतास, 'म्हंजे मी परीक्षेत पास झालो का वो?' म्हणालास. पास झाला होतास.

समुद्राकडे जायचं माझंच खूळ. तू जन्मभर पुण्यामुंबईच्या लोकांना वाघ दाखवत आलास, स्वतः पाहुणा होऊन कधी कुठे गेला नाहीस. आणि मला कासवं बघायची होती. का, ते मी तुला सांगितलं नव्हतं, तिथे नेऊनच सांगायचं होतं. भर हंगामात सुट्टी मागितलीस म्हणून तुझा गेटवरचा मॅनेजर किती दिवस तोंड फुगवून होता. मी घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे. झिंगूची जुनी कार घेतलीस, तिचा एसी फक्त गाडी उतारावर असली की चालायचा. आणि मागच्या सीटवर ओल्या पोत्यात गुंडाळलेला माठ! समृद्धीवरच्या टोलनाक्यावरचा पोरगा वाकून वाकून बघत होता. मी म्हटलं, अरे बाटल्या मिळतात रस्त्यात. तू म्हणालास, 'बाटलीतल्या पाण्यानं तहान नाई जात, घसाच भिजते फक्त.' प्रत्येक धाब्यावर तो माठ उतरवून पोतं पुन्हा ओलं करायचास, लहान मुलाला आंघोळ घालावी तसं. मला तेव्हा लाज वाटत होती आणि त्या लाजेत मी किती सुखात होते ते कळत नव्हतं.

ताम्हिणी घाट उतरलो, आणि हरिहरेश्वरच्या अलीकडे एका वळणावर समुद्र दिसला. तू गाडी बाजूला घेतलीस. मग म्हणालास, 'याचा पलीकडचा काठ काऊन नाई दिसत?' मी हसले, पण तू अगदी खरं विचारत होतास. तुझं सगळं आयुष्य वर्धेच्या काठावर गेलं, पाणी म्हटलं की पलीकडे काठ असायचाच. तुझ्या बाबाचं गाव असंच कुठेतरी पलीकडच्या काठाला आहे, असं तुला लहानपणापासून वाटायचं, हे तू मला त्या वळणावर सांगितलंस.

बागमांडल्याला फेरीबोटीत कार चढवताना तुझा चेहरा! नदीच्या पुरातून जिप्सी काढणारा माणूस, पण गाडीच पाण्यावर तरंगायला लागली तेव्हा तू स्टिअरिंग गच्च धरून बसलास, जसं काही बोट तूच चालवतोयस. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळासच्या किनाऱ्यावर आपण सगळ्यांच्या आधी पोचलो. ओली वाळू बघितल्याबरोबर तू सवयीनं खाली बसलास, माग काढायला. आणि मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणालास, 'रात्री इथी कोणीतरी ट्रॅक्टर आणला होता.' तिथला कासवं राखणारा कार्यकर्ता पोट धरून हसला. ती कासवीण होती, अंडी घालायला वर आलेली. तू इतका ओशाळलास, की नंतर कुठल्याच मागाबद्दल चकार शब्द काढला नाहीस. पण पिल्लांवरची टोपली उचलली आणि पुण्याच्या मंडळींनी गलका केला, तेव्हा तुझ्यातला गाइड जागा झालाच. 'हळू बोला जी, खाली बसा, मंग दिसते,' आणि आश्चर्य म्हणजे सगळे बसले. ती एवढीएवढीशी पिल्लं वाळूतून धडपडत, उलटी होत, पुन्हा सुलटी होत पाण्याकडे निघाली. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडले. तू वळून पाहिलंस. तेव्हा सांगितलं तुला, की कासव आमच्या कुळाचं. आम्ही त्याला मारत नाही, खात नाही, आमचा पहिला बाप पुरातून त्याच्या पाठीवर बसून आला अशी गोष्ट आहे. तू एक क्षण गंभीर झालास आणि मग म्हणालास, 'म्हंजे हे सारी माही सासरवाडीच होय तं,' आणि त्या पिल्लांना वाकून नमस्कार केलास. सर्वांत मागे राहिलेल्या एकाला म्हणालास, 'चाला साळेबुवा, उशीर झाला.' मला तू त्या क्षणाइतका कधीच आवडला नव्हतास.

त्यानंतरचे दोन दिवस मी कोणालाच सांगितलेले नाहीत. आईलाही नाही. केळशी, आंजर्ले, हर्णै. बोटीत बसून डॉल्फिन बघायला गेलो तर बोटवाल्याच्या आधी तुला दिसले. त्यानं विचारलं कसं कळलं, तर म्हणालास, 'पक्षी एकाच जागी खाली पाहून राह्यले, म्हंजे खाली काही आहे.' जंगलाचं शहाणपण समुद्रातही चाललं म्हणून तू दिवसभर फुशारलेला. सुरूच्या बनात एक समुद्री गरुड दाखवलास मला, भला मोठा मासा पायात धरून चाललेला, आणि तुझी आई असती तर तिनं त्याचा भाव केला असता म्हणालास. संध्याकाळी मी झाडांच्या पलीकडे एकटी गेले की तू हाक मारायचास आणि मी ओ देईपर्यंत मारत राहायचास. इथे वाघ नाही रे, म्हटलं तरी ऐकायचा नाहीस. गुहागरला त्या घरात उतरलो, तिथल्या काकूंनी विचारलं, नवीनच लग्न का हो? तुझे कान लाल. 'होनार आहे,' म्हणालास. त्यावर काकूंनी आपल्याला माडीच्या दोन टोकांच्या दोन खोल्या दिल्या आणि मधल्या खोलीत स्वतः झोपल्या! सकाळी उकडीचे मोदक खाताना आपण एकमेकांकडे बघून हसत होतो आणि त्या काकूंना वाटत होतं, मोदकांना हसतोय.

त्याच दिवशी ते झालं. गुहागरच्या पुढे रस्ता किनाऱ्यालगत जातो. एका गावाबाहेर, ओसाड पुळणीवर, कावळे उतरले होते. तू आधी कावळे पाहिलेस आणि मग गाडी थांबवलीस. मोठी कासवीण होती. भरतीनं वर टाकलेली, मेलेली, मानेला जाळं गुंतलेलं. मी दार उघडलं. मला काय करायचं ते माहीत होतं, लहानपणापासून बघत आले होते. पण माझ्याआधी तू उतरला होतास. तू मागचं दार उघडलंस, पोतं सोडलंस, माठ खांद्यावर घेतलास आणि चालत गेलास. तिच्या डोक्याशी उभा राहून तो माठ तू आपटून फोडलास. पाणी वाळूनं पिऊन टाकलं. मग तू अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात शिरलास, डोकं बुडवून आंघोळ केलीस, बाहेर येऊन तिच्याजवळ उकिडवा बसलास आणि मोठ्यानं रडलास, आमच्या गावची माणसं मयतावर रडतात तसा, सूर लावून.

मी तिथे उभी होते. आणि अंकुश, मला आनंद झाला. देवाशपथ सांगते. मला वाटलं, या माणसानं माझ्यासाठी आमच्या कुळाचं सुतक धरलं. कोणाला तरी विचारून, शिकून ठेवलं असेल. माझा हा नवरा किती गुणी, असं मनात म्हणत मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, 'तुले हे कोणी शिकवलं?' तू तोंड पुसत म्हणालास, 'बाबानं. वर्धेच्या काठी मेलेलं कासव दिसलं का बाबा घरचा माठ आणून फोडे. मंग आंघोळ. मी लहान होतो. मले म्हणे, रड, आपलं माणूस गेलं.' तू हे सांगताना थोडं हसतच होतास. बाबाची आणखी एक गोष्ट आठवली म्हणून तू खुश झाला होतास. मग तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस.

मी गप्प बसले असते तर? हा विचार मी रोज करते. पण माझं तोंड कधी गप्प बसलंय! कासवाचं सुतक फक्त आम्ही सात देवांचेच धरतो, हे मी बोलून गेले. तू म्हणालास, 'मी तं सहाचा आहे ना.' दोनदा म्हणालास. मग तू तिथूनच आईला फोन लावलास. कुंताबाई बाजारात होती, मागे भावाची घासाघीस ऐकू येत होती. ती आपली हसत हसत सांगत गेली, 'ते आडनाव तं त्या दुसऱ्या मानसाचं होय ना बापू. तो खाणीतलं काम सोडून पयाला, अन् ठेकेदारानं तुह्या बापाले त्याच्याच नावावर ठेवलं. मंग तेच चालत आलं. तुह्या बापाचं घरचं नाव डोमा. काऊन गा, कोणी कागद मांगून राह्यले का?' तिला काय ठाऊक, की आमच्यात आडनाव म्हणजे काय असतं. ढिवराच्या मुलीला कासव म्हणजे कासव आणि नाव म्हणजे हजेरी घ्यायची सोय. तिचा यात काडीचा दोष नाही. ज्या आडनावावरून मी हिशेब केला, तो माणूस कुठे तरी वेगळाच जगत असेल नाहीतर मेला असेल.

परतताना दाभोळच्या फेरीवर मी तुला म्हटलं, की हे सगळं इथेच पाण्यात टाकून देऊ. तू, मी आणि तुझी आई, तिघांखेरीज कोणाला माहीत आहे? आणि तुझ्या आईला तर आपण काय विचारलं तेही कळलेलं नाही. मी नर्स आहे, रक्ताच्या बाटल्या हाताळते रोज, कुठल्या आजोबाच्या आजोबाचा भाऊ कोण, यानं काही होत नाही हे मला पुस्तकातून पाठ आहे. तू कठड्याला टेकून उभा होतास. बोट लागायला आली तेव्हा बोललास. 'करिश्मा, मले आजवर कोणी आपलं म्हटलं नाई.' एवढंच. मग गाडीत बसताना तू पुढच्या सीटवर बॅगा ठेवल्यास आणि माझ्यासाठी मागचं दार उघडलंस. पोतं होतं तिथे, माठाच्या जागी, मी बसले. कोकणातून चंद्रपूरपर्यंत मी तुझी मान बघत आले. मला तुझा इतका राग आला होता, की नागपूरच्या अलीकडे तू चहा विचारलास तेव्हा मी म्हटलं, मला विष आण. तू चहाच आणलास.

खरं सांगू का? तू 'टाकून देऊ' म्हणाला असतास तर मी निभावलं असतं का, मला ठाऊक नाही. कदाचित बाबाच्या अंगणात पाय ठेवतानाच माझी जीभ सैल सुटली असती. पण तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस. निदान कठड्याला टेकून, मला ऐकू न येईल असं तरी.

मग मोह पडायच्या दिवसांत मी तुला गावी घेऊन गेले. हेही मीच केलं, कारण तू विचारलंस आणि तुला नाही म्हणणं मला तेव्हाही जमलं नाही. बाबाला सांगितलं, हा आपल्या कुळाचा दिसतो, बापाचं गाव शोधतोय. बाबानं विचारलं, बापाचं नाव? तू म्हणालास, डोमा. माझा बाबा बिरजू, जो बैल मेला तेव्हाही रडला नव्हता, तो उठून उभा राहिला. 'डावा पाय ओढत चाले तो डोमा? मोहावरून पडला होता तो?' तू मान हलवलीस. बाबानं तुझे दोन्ही कान हातात धरले आणि म्हणाला, 'कान त्याचेच होत. माह्या काकाच्या डोमाचा पोरगा होय गा हा!' अख्खं गाव गोळा झालं. तुझ्या बाबाची वाट बघत बघत त्याची म्हातारी आई मेलेली, तिची गोष्ट तुला चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितली. गावाबाहेर आमच्या मेलेल्या माणसांचे दगड उभे आहेत, तिथे डोमाच्या नावाचाही दगड त्या उन्हाळ्यात बसवला. कुंताबाईला बाबानं स्वतः जाऊन आणलं. तू त्या दगडापाशी बसलास तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलं. तसं तोंड मी समुद्रावरही पाहिलं नव्हतं, माझ्याकडे बघतानाही नव्हतं. तेव्हा मला कळलं, की इथे माझं काही चालणार नाही. कुणा बाईकडून मी हरले असते तर तिला शिव्या तरी दिल्या असत्या.

जेवणाच्या पंगतीत बाबानं तुझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, 'हे तुही बाई होय गा. तुले बहीण नव्हती, हिले भाऊ नव्हता. देवानं दोघायचंही भागवलं.' मी तुझ्याहून काही महिन्यांनी मोठी, म्हणून बाई. थोरल्या बहिणीला हाक मारतात ती; धाकट्या भावालाही आमच्याकडे मानानं दादाच म्हणतात. मी भात वाढत होते. तू पानातून मान वर न करता म्हणालास, 'बाई, जरासं वरण दे.' मी वरण दिलं. आणि आत चुलीपाशी गेले. माझी आई सोमारी तिथे लाकडं सारत बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चुलीत बघत म्हणाली, 'रडाचं असंल तं उद्या मोह वेचाले जाय. तिथी सारेच वाकून राह्यते, कोणाचं तोंड कोणाले दिसत नाई.' म्हणजे तिला कळलं होतं. बाबाला आजही कळलेलं नाही. मी ते सगळे दिवस मोह वेचला. यंदा आमच्या घरी मोह सगळ्यांत जास्त निघाला, असं बाबा कौतुकानं सांगत होता.

तू चांगला मुलगा झालास, यात वाद नाही. दर महिन्याला येतोस. घरावरची कौलं फिरवलीस, बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन करवून घेतलंस, दवाखान्यात माझ्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्रभर बसून राहिलास आणि माझ्याशी औषधांखेरीज एक अक्षर बोलला नाहीस. गोंडीही शिकतोयस म्हणे, उच्चार भयंकर आहेत असं आई सांगते. मला तुझा राग येतो तो याचाच, की राग धरायला तू काही शिल्लक ठेवत नाहीस. कधी तरी वाईट वाग. कधी तरी बाबाशी भांड, उशिरा ये, दारू पिऊन पड. मला जरा बरं वाटेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. माझं लग्न ठरलंय. धानोऱ्याकडचा गोपाल म्हणून शिक्षक आहे. सहा देवांचा, खरोखरचा, बाबानं या वेळी पणजोबापर्यंत जाऊन चौकशी केली. माणूस बरा आहे. कमी बोलतो, माझ्या बडबडीला हसतो. मी हो म्हटलंय, कोणी जबरदस्ती केलेली नाही. आमच्या गावची रीत तुला माहीत नसेल. घरातून मांडवापर्यंत बहिणीला भावानं हात धरून न्यायचं असतं, तिचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा असतो, आणि गावासमोर मोठ्यानं म्हणायचं असतं, की आम्ही आमची बहीण दिली. बाबानं गावाला सांगून टाकलंय, की ते अंकुश करणार. येत्या रविवारी तो एसटीनं बल्लारपूरला येतोय, तुला स्वतः बोलवायला, नवीन धोतर घेतलंय त्यासाठी. मी त्याला नाही म्हणू शकत नाही, कारण का ते सांगावं लागेल, आणि सांगितलं तर त्याला सापडलेला पोरगा आणि तुला सापडलेलं घर, दोन्ही माझ्या एका वाक्यानं जातील. ते मी करणार नाही. म्हणून तू नाही म्हण. हंगाम आहे म्हण, गाडी उलटली म्हण, कुंताबाई आजारी आहे म्हण. तू बाबाला कधी नाही म्हटलेलं नाहीस, मला ठाऊक आहे, म्हणूनच तो पोचायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. लग्नानंतर ये, पोराबाळांना मामा म्हणून ये, मी जन्मभर दादा म्हणेन, पाणी देईन, वरण वाढीन. पण त्या दिवशी येऊ नकोस. त्या दिवशी माझा हात तुझ्या हातात आला, तर अंकुश, मी तो सोडणार नाही.

तुझीच,
करिश्मा